आवाजाचं जिनिंग

मुलांनो, एक गंमत करून बघा. एकाच सुरात, दम न तोडता 'ऊऽऽ' म्हणा आणि तोंडाचा आकार हळूहळू बदलत 'ईऽऽ'वर या. आई-बाबांनीही करून बघायला हरकत नाही! सूर तोच, गळा तोच, तरी आवाज बदलला ना? असं का बरं झालं?

त्याचं असं आहे, गळ्यातून निघणाऱ्या एका सुरात अनेक स्वर दडलेले असतात. एक मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगानं कंप पावणारे उपस्वर. जीभ आणि ओठ त्यांतले काही पुढे जाऊ देतात, काही दाबून टाकतात. आपल्याकडे यवतमाळात जिनिंगमध्ये काय होतं? कापसातली सरकी निघते, रुई उरते. नवं काही घालावं लागत नाही. आपलं तोंड तसंच आवाजाचं जिनिंग करतं!

हेच काम विजेवर करणाऱ्या भागाला म्हणतात फिल्टर. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य बनवलं. त्याचे भाग सुटे सुटे होते. एक सूर काढणार, दुसरा त्यातले स्वर गाळणार, तिसरा आवाज लहान-मोठा करणार. हवे तसे तारांनी जोडायचे! मूग यांच्या फिल्टरला 'शिडी' म्हणतात, कारण त्यात ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर शिडीसारखे रचलेले असतात. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर बारीक, उंच स्वर आणखी दबतात. कुठून वरचे स्वर अडवायचे, ते एक बटण ठरवतं. दुसरं बटण त्या सीमेवरच्या स्वरांना जोर देतं. मग वाद्य 'वाऽव' करत चक्क बोलल्यासारखं वाटतं.

असा सुट्या भागांचा मूग १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत बसवला गेला. पुढे १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या वादकानं तीन जपानी यंत्रं घेऊन भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यांतलं एक यंत्र होतं टीबी-३०३. त्यातही असाच फिल्टर! रेकॉर्ड काही फारशी खपली नाही. पण १९८७ साली शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्राचा फिल्टर फिरवून 'ॲसिड हाऊस' नावाचं संगीत गाजवलं. २०१० साली सिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं. अरे, मुंबईत हे पाच वर्षं आधीच वाजलं होतं! २०१५ साली सिंग वारले. त्याआधी, उतारवयात, परदेशातल्या तरुणांनी त्यांना मोठ्या कौतुकानं ऐकलं.

आता तुमच्यासाठी एक कोडं. लग्नातला डीजे घरात बसून ऐका. गाण्याचे शब्द कळत नाहीत, ढम् ढम् तेवढं येतं. मग तुमच्या आणि डीजेच्या मध्ये फिल्टर कोणता? ओळखा पाहू!