टॉलर की मोअर टॉल?

मराठीत 'उंच', 'त्याच्यापेक्षा उंच', 'सर्वांत उंच' म्हणताना 'उंच' तसंच राहतं. इंग्रजीत तर-तम भाव दाखवताना बहुतेक छोट्या विशेषणांचं रूपच बदलतं. एका उच्चारखंडाच्या (सिलॅबलच्या) शब्दाला 'अर' आणि 'एस्ट' जोडतात: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. 'बिग', 'हॉट' अशा शब्दांत शेवटचं व्यंजन लिहिताना दोनदा येतं. 'हॅपी'च्या स्पेलिंगमधल्या वायचा आय होतो: हॅपिअर, हॅपिएस्ट. 'ब्यूटिफुल'सारख्या लांब शब्दांना हात न लावता आधी 'मोअर' किंवा 'मोस्ट' ठेवतात. 'गुड, बेटर, बेस्ट' आणि 'बॅड, वर्स, वर्स्ट' नियमात बसत नाहीत. ती पाठच करावीत. 'मोअर टॉलर' मात्र टाळा. एका विशेषणाला एकच खूण पुरते.