लहान सिलिंडर, दणकट ब्रेक

1932 सालची फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढायचे, टप कापून खाली बसवायचा आणि मुरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर सुसाट सोडायची. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांचा हा हॉट रॉडचा नाद. पण या गाडीचे मूळ ब्रेक लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते 1939च्या मॉडेलपासून, आणि मग तेच काढून जुन्या गाड्यांना बसवले जाऊ लागले. आजही हॉट रॉडमध्ये ड्रम एका गाडीचे, डिस्क दुसरीच्या, ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तिसरीचा. सगळे भाग नवेकोरे, तरी ब्रेक लागत नाही!

समजा, पेडल दगडासारखं कडक आहे, पण गाडी थांबत नाही. मनात पहिलं येतं ते मोठा मास्टर सिलिंडर घालायचं. नेमकं उलट करायला हवं. पायाने 30 किलोचा जोर दिला, पेडलच्या तरफेने तो सहापट झाला, म्हणजे 180 किलो. सिलिंडरचा व्यास 1 इंच असेल, तर ब्रेक ऑइलवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 35 किलो दाब येतो. व्यास सव्वा इंच केला की तो 23 वर घसरतो. तोच पाय, तेच पेडल! पास्कलने सतराव्या शतकात मांडलेला नियम इथे पायाच्या तळव्याला कळतो. लहान सिलिंडरात पेडल जास्त खोल जातं, एवढी किंमत मात्र मोजावी लागते. म्हणून नवा सुटा भाग आणण्याआधी व्यास आणि तरफेची लांबी मोजावी, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असेल तर त्याला मिळणारा व्हॅक्यूमही तपासावा; शर्यतीच्या कॅमशाफ्टने तो इंजिन मंद गतीत असताना फार कमी होतो.

पेडल मऊ असेल, दोनदा पंप केल्यावरच धरत असेल, तर बहुधा पाइपात हवा आहे. पण ब्लीडिंग करून, म्हणजे ती हवा काढूनही तसंच राहिलं तर? या जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर फळीखाली, चाकांच्या कॅलिपरपेक्षा खाली असतो. पाय उचलला की ऑइल उताराने हळूहळू मागे येतं आणि पुढचा पहिला दाब रिकामा जातो. उपाय आहे बोटाएवढा एक व्हॉल्व्ह, जो डिस्कच्या पाइपात फक्त 2 पीएसआय दाब राखून ठेवतो. सुमारे 1.3 मीटर उंच ऑइलचा स्तंभ पेलायला तेवढा पुरतो, आणि इथे फरक असतो काही इंचांचाच. ड्रमला मात्र 10 पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो, कारण तिथे शू मागे खेचणाऱ्या स्प्रिंग ताकदवान असतात. तोच 10चा व्हॉल्व्ह चुकून डिस्कच्या पाइपात बसला, तर पॅड डिस्कला घासत राहतात, तापतात, आणि ओलावा शोषलेलं जुनं डॉट 3 ऑइल 140 अंशांच्या आसपास उकळून पाइपात वाफ होते.