वंशसंहार रोखण्याचे दायित्व आणि १९७१ चा धडा

१५ नोव्हेंबर १९७१ पासून भारतात बहुतेक टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे बंधनकारक झाले आणि यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या गावातून निघालेले पत्रही त्या नियमात आले. हा कर पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या सुमारे १ कोटी निर्वासितांच्या साहाय्यासाठी होता. ज्या अत्याचारांना जगाने वेळीच पायबंद घातला नाही, त्यांचा भार अशा रीतीने विदर्भातील साध्या पत्रापर्यंत येऊन पोहोचला. एखाद्या समूहाचा संहार चालू असताना ज्यांना तो रोखता आला असता त्यांनी रोखला नाही, तर तो केवळ नैतिक दोष ठरतो की कायद्याने उत्तरदायी ठरवता येणारा अपराध, हा प्रश्न म्हणूनच येथील वाचकाला परका नाही.

या विषयाच्या कायद्याच्या आरंभीच भारताचे नाव आहे. वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे असे जाहीर करणारा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ११ डिसेंबर १९४६ चा ठराव क्युबा, पनामा आणि भारत यांच्या पुढाकाराने आला. त्या वेळी भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते, ज्या पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. त्यातूनच ९ डिसेंबर १९४८ चा वंशसंहारविरोधी करार आकारास आला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेल्या हत्या, गंभीर शारीरिक वा मानसिक इजा, जगणे अशक्य करणारी परिस्थिती लादणे, जन्म रोखणे आणि मुलांना बळाने दुसऱ्या समूहात नेणे, ही कृत्ये त्यात वंशसंहार मानली आहेत. हेतू सिद्ध करणे हा या व्याख्येतील सर्वांत कठीण भाग आहे. कराराच्या पहिल्याच कलमाने राष्ट्रांवर दोन कर्तव्ये टाकली: गुन्हेगारांना शिक्षा करणे आणि गुन्हा घडण्यापूर्वी रोखणे.

१९७१ मध्ये दुसऱ्या कर्तव्याची कसोटी लागली. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची कारवाई सुरू झाली आणि ६ एप्रिलला तेथील अमेरिकन वकिलातीतील अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली. बेळगावात गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले आणि कराचीत पत्रकारिता करणारे अँथनी मॅस्करेन्हास यांनी कुटुंबासह देश सोडून १३ जूनच्या लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये डोळ्यांनी पाहिलेले प्रसिद्ध केले. मृतांच्या संख्येबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत आणि त्या घटनांना वंशसंहार ठरवणारा निर्णय कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला नाही; मात्र जगाला माहिती नव्हती, असे म्हणण्यास जागा उरत नाही. सुरक्षा परिषदेने डिसेंबरात भारत-पाक युद्ध पेटल्यावर या प्रश्नाकडे लक्ष वळवले आणि ७ डिसेंबरला आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीची आणि सैन्यमाघारीची हाक दिली. भारताच्या हस्तक्षेपामागे सामरिक हित होते हे मान्य करूनही, निर्वासितांचे लोंढे येत असताना जग नऊ महिने स्वस्थ बसले, हा त्या वर्षाचा खरा दोष मानावा लागतो.

त्या काळी 'रोखणे' म्हणजे नेमके काय, हे कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नव्हते. ते हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोस्निया विरुद्ध सर्बिया या खटल्यात २६ फेब्रुवारी २००७ रोजी सांगितले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. सर्बियाने हा संहार स्वतः केला असे न्यायालयाला सिद्ध झालेले आढळले नाही, पण तो करणाऱ्या बोस्नियन सर्ब सैन्यावर सर्बियाचा प्रभाव असूनही त्याने तो वापरला नाही, म्हणून रोखण्याचे कर्तव्य त्याने मोडले, असा निर्णय झाला. हे कर्तव्य यशाचे नसून प्रयत्नाचे आहे, म्हणजे संहार थांबलाच पाहिजे असे नव्हे, तर हाती असलेले सर्व रास्त उपाय योजले पाहिजेत, असे न्यायालय म्हणते. ते सर्वांवर सारखे नाही; भौगोलिक अंतर आणि गुन्हेगारांशी असलेले राजकीय व इतर संबंध यांवरून ज्याची प्रभाव पाडण्याची क्षमता अधिक, त्याचे दायित्व अधिक. गंभीर धोका कळला, किंवा कळायला हवा होता, त्या क्षणी ते सुरू होते. आपल्या एकट्याच्या प्रयत्नाने काही साधले नसते, हा बचावही चालत नाही, कारण अनेकांच्या प्रयत्नांनी मिळून संहार टळू शकला असता. मात्र वेळीच हालचाल झाली असती तर संहार नक्की टळला असता, हे पुरेशा खात्रीने दाखवता न आल्याने न्यायालयाने भरपाई दिली नाही. पीडितांच्या दृष्टीने निकालाची ही बाजू फार दुबळी आहे.

ही कसोटी १९७१ ला लावली तर पाकिस्तानच्या पाठीराख्या अमेरिका व चीन या सरकारांची बाजू टिकत नाही. अमेरिकेने या करारास १९८८ मध्ये आणि चीनने १९८३ मध्ये, म्हणजे १९७१ नंतरच, मान्यता दिली, हे खरे. पण करारामागील तत्त्वे करारात नसलेल्या राष्ट्रांवरही बंधनकारक आहेत, असे मत याच न्यायालयाने १९५१ मध्ये दिले होते.

दोष मात्र केवळ इतरांचा नाही: भारतानेही करारास १९५९ मध्ये मान्यता देताना नवव्या कलमावर राखीव अट घातली. या कलमान्वये करारासंबंधीचे वाद हेगच्या न्यायालयात जातात. भारताच्या अटीनुसार प्रत्येक प्रकरणी सर्व पक्षांची संमती लागते. मे १९७३ मध्ये १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर बांगलादेशात खटले चालवण्याच्या प्रश्नावरून पाकिस्तान भारताविरुद्ध त्या न्यायालयात गेला, तेव्हा भारताने याच अटीवर बोट ठेवले आणि डिसेंबरात पाकिस्तानने प्रकरण मागे घेतले. म्यानमारची तशी अट नसल्यामुळे दूरच्या गांबियाला २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या प्रश्नावर त्या देशाविरुद्ध दाद मागता आली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्याचा तो अधिकार मान्य केला.

देशांतर्गत कायद्याची स्थिती अधिक खेदजनक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातील निकालात १९९३ च्या मुंबईतील हिंसाचाराचाही उल्लेख केला आणि वंशसंहार हा गुन्हा भारतीय कायद्यात नसल्याची उणीव तातडीने दूर करावी, असे म्हटले. त्यानंतर आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही. १९४६ चा ठराव मांडणाऱ्या देशाच्या संसदेने हा गुन्हा आपल्या कायद्यात आणावा आणि नवव्या कलमावरील अट मागे घ्यावी.