कृष्णवर्णीय वृद्धांचे आरोग्य : ताण, जिद्द आणि तिची किंमत

वार्धक्यातील आरोग्यावर वयाप्रमाणेच आयुष्यभर सोसलेल्या सामाजिक परिस्थितीचाही परिणाम होतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वृद्ध हे याचे ठळक उदाहरण होय. उच्च रक्तदाब व मधुमेह यांचे प्रमाण त्यांच्यात श्वेतवर्णीयांपेक्षा अधिक असून हे विकार तुलनेने लवकर जडतात.

या तफावतीची मीमांसा करताना आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये ‘झीज’ ही संकल्पना मांडली. भेदभाव व आर्थिक असुरक्षितता यांना सतत तोंड देताना शरीर अकाली झिजते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ब्रूस मॅकइवेन व इलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या झिजेमागील शारीरिक प्रक्रिया विशद केली. संकटसमयी स्रवणारी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके अल्पकाळ उपकारक ठरतात. परंतु ही यंत्रणा वर्षानुवर्षे कार्यरत राहिल्यास हृदय, रक्तवाहिन्या व चयापचय यांवरील भार साचत जातो. जेरोनिमस व सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात हा भार कृष्णवर्णीयांमध्ये अधिक आढळला आणि केवळ दारिद्र्याने त्याचा उलगडा झाला नाही.

प्रतिकूलतेत टिकून राहण्याची जिद्द या समाजात विपुल आहे. कुटुंब, शेजार व चर्च यांचा आधार वृद्धांना मानसिक बळ देतो. तथापि, एकट्याने झुंजण्याची जिद्द शरीराला महाग पडू शकते. शर्मन जेम्स यांनी १९८३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी शिक्षण असूनही अथक प्रयत्नांनी परिस्थितीवर मात करू पाहणाऱ्यांचा रक्तदाब अधिक आढळला. वाफेच्या यंत्राशी स्पर्धा जिंकून प्राण गमावणाऱ्या लोककथेतील जॉन हेन्रीचे नाव या वृत्तीला मिळाले. पुढील सर्व अभ्यासांत हा संबंध तितक्याच स्पष्टपणे दिसला नाही. मात्र साधनांविना केलेल्या संघर्षाचे मोल त्यामुळे संशोधकांच्या विचारकक्षेत आले.

म्हणूनच जिद्दीचा गौरव करताना तिची गरज निर्माण करणारी परिस्थितीही तपासावी लागते. ती बदलता येते, याला इतिहासाची साक्ष आहे. १९६६ मध्ये वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना सुरू झाली, तेव्हा वंशभेद पाळणाऱ्या रुग्णालयांना तिचा निधी नाकारण्यात आला आणि बहुसंख्य रुग्णालयांनी अल्पावधीतच स्वतंत्र कक्षांची प्रथा सोडली. वृद्धांच्या सहनशक्तीवर विसंबण्यापेक्षा त्यांच्यावरील भार हलका करणारी अशी धोरणे आरोग्याच्या दृष्टीने अधिक हितकारक ठरतात.