वजन वाढलं, पण अंगात नेमकं काय वाढलं?



रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही एका कोपऱ्यात वजनकाटा, टेप आणि वही घेऊन बसतो. मागच्या पावसाळ्यात एक ताई सासऱ्यांना घेऊन आल्या. काका किडनीचे पेशंट. "सिस्टर, महिन्यात चार किलो वजन वाढलं. आता जेवण अंगाला लागतंय," ताई आनंदाने म्हणाल्या. आम्ही काकांचा पायजमा वर केला आणि नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. दंड तर काठीसारखे झाले होते. वाढलेलं वजन मांसाचं नव्हतं, पाण्याचं होतं. काकांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं.

म्हणून या वेळी हा विषय घेतला. आपल्या शरीरात हाडं, मांस, चरबी आणि पाणी असतं. काटा हे सगळं एकत्र मोजतो. निरोगी माणसाला तेवढं पुरतं. आजारात मात्र मांस झिजतं आणि त्याच वेळी पाणी किंवा चरबी वाढू शकते. मग काट्यावरचा आकडा ठीक दिसतो आणि माणूस आतून खंगत जातो.

टीबी असेल तर

टीबीच्या गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो. वजन बदललं की डोसही बदलावा लागू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी काट्यावर उभं राहायचं. इथे एक कबुली देतो. नोकरीत असताना ओपीडीच्या गर्दीत आम्हीही कधी कधी कार्डावर मागचंच वजन उतरवलं आहे. ते चुकीचं होतं. तुमच्या बाबतीत कुणी असं केलं तर "आधी वजन करा, मग लिहा" असं सांगा. तो तुमचा हक्क आहे.

पहिल्या दोन महिन्यांचं वजन नीट बघा. झारखंडमधल्या टीबी पेशंटचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. ४० किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे फक्त २ किलो. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. हे पैसे अंडी, शेंगदाणे, चणे, डाळ, सुकट यांवर खर्च व्हावेत आणि ते पेशंटच्याच ताटात पडावेत.

शुगर असेल तर

"आम्ही तर सडपातळ, आम्हाला कशी शुगर?" हा प्रश्न वस्तीत नेहमी येतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं होतं. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोट मात्र सुटलेलं, अशी आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची ठेवण असते.

बीएमआय घरी काढता येतो. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि वजनाला त्या आकड्याने भागा. उंची १.५ मीटर, वजन ४५ किलो असेल तर १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५. ४५ भागिले २.२५ म्हणजे २०. हा आकडा १८.५ च्या खाली गेला तर माणूस अशक्त. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पण शुगरवाल्यांनी सोबत कंबर मोजायचीच. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत हवी.

किडनी, लिव्हर किंवा हृदयाचा आजार असेल तर

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी समजा आणि डॉक्टरांना दाखवा. धाप लागत असेल तर थांबूच नका. डायलिसिसवर असाल तर आपलं "ड्राय वेट", म्हणजे जादा पाणी काढल्यानंतरचं वजन, विचारून लिहून ठेवा. सूज असताना बीएमआयवर भरवसा ठेवू नका, दंडाचा घेर बघा. आणि किडनीच्या पेशंटला अंडी, डाळ किती द्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. शेजारच्या पेशंटचं पथ्य आपल्याला चालेलच असं नाही.

म्हातारी माणसं आणि लांबलेलं आजारपण

यांच्यात मांस किती उरलंय हे बघायचं. पोटरी जिथे सर्वांत जाड आहे तिथे टेप लावा. पुरुषाची ३४ आणि बाईची ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर मांस झिजल्याची शंका घ्यावी. पायावर सूज असेल तर हे माप धरू नका. दुसरी परीक्षा खुर्चीची. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झालीय. शेजारी कुणीतरी उभं राहा, तोल जातो.

माप कसं घ्यायचं

काटा तोच, वेळ तीच, कपडे हलके. कंबरेचा टेप शेवटची बरगडी आणि कुल्ह्याचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर. दंडाचा टेप खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर, दर वेळी त्याच हाताला. टेप त्वचेला टेकावा, रुतू नये. जिममध्ये चरबी सांगणारं मशीन असतं. ते अंगातून बारीक करंट सोडून हिशेब करतं. सूज असलेल्याला ते चुकीचा आकडा देतं आणि पेसमेकर असलेल्याने त्यावर चढायचंच नाही.

टेपला कळत नाही ते तोंडाने विचारा. बांगड्या हातातून निसटतात का? ब्लाऊज ढिला झाला का? चावता येतं का? घरात शेवटी कोण जेवतं आणि तेव्हा पातेल्यात काय उरतं? प्रयत्न न करता तीन ते सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोहून जास्त, तर ते "टेन्शनमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका.

वजन दवाखान्यात किंवा अंगणवाडीत करता येईल. शिवणाचा टेप वस्तीत कुणाकडे तरी असतोच. दहा रुपयांची वही आणा. तारीख, वजन, कंबर, दंड, पोटरी आणि सूज आहे की नाही, एवढं दर महिन्याला लिहा. ज्यांना रोज वजन करायला सांगितलंय त्यांनी ते रोज लिहा. डॉक्टरांकडे दोन मिनिटं मिळतात. तेव्हा "बरं वाटत नाही" म्हणण्याऐवजी वही पुढे करा. काकांच्या घरी आता ती वही आहे. लिहिते सातवीतली नात.