लॅपटॉपच्या पोटातली दोन आश्चर्यं

लॅपटॉप सुरू व्हायला चहा उकळेल इतका वेळ लागतो, आणि सुरू झाला की ‘जागा शिल्लक नाही’ ही सूचना मात्र लगेच हजर होते. असं झालं की छत्रपती संभाजीनगरातला माणूस लॅपटॉप बॅगेत टाकून सिडकोतलं कॅनॉट गाठतो. तिथला दुकानदार मागचं झाकण बघतच सांगतो, “नवीन कशाला घेता सर? एसएसडी टाकून घ्या.” सल्ला बहुतेक वेळा रास्त असतो. पेच काढायचे, जुनी डिस्क ओढायची, नवी बसवायची. काम संपलं, पैसे दिले, निघालो. मात्र त्या टेबलावर जे बाहेर निघालं आणि जे आत गेलं त्या दोन्ही वस्तू अचाट आहेत, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आधी बाहेर निघालेली बघू. अडीच इंची हार्ड डिस्क. आत आरशासारखी चकचकीत तबकडी असते आणि ती लॅपटॉपमध्ये सहसा मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०. तबकडीची कड त्या वेळी ताशी पासष्टेक किलोमीटरनं धावत असते. संध्याकाळी जालना रोडवर हा वेग कुणाच्याच नशिबी नसतो. तबकडीवर माहिती असते ती चुंबकाच्या इवल्या ठिपक्यांत, आणि ती वाचणारं टोक तबकडीला टेकत नाही. फिरत्या तबकडीबरोबर ओढली जाणारी हवा त्याला उचलून धरते. मधलं अंतर काही नॅनोमीटर. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे पंधरा हजार भाग केले तर एक भाग जेवढा उरेल, साधारण तेवढं.

म्हणजे ही डिस्क हवेवर चालते, अगदी शब्दशः. झाकणावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी बहुधा ‘हे झाकू नका’ अशी तंबी. त्यातून गाळलेली हवा आत-बाहेर करते. हवा विरळ झाली तर टोक खाली येऊ लागतं, म्हणून अशा डिस्कना साधारण ३,००० मीटर उंचीची मर्यादा घालून दिलेली असते. आपलं शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे निर्धास्त राहा. लेहला नेणार असाल तर विचार करा.

मला सगळ्यात आवडतो तो या यंत्राचा अखेरचा श्वास. बॅटरी मेलेला लॅपटॉप चार्जरवर चालू आहे आणि लाइट गेली. टोक तबकडीवर पडायला हवं, पण पडत नाही. वीज तुटली तरी तबकडी क्षणभर फिरतच असते, आणि त्या फिरण्यातून तिची मोटरच थोडी वीज निर्माण करते. तेवढ्या विजेवर टोक मागे सरकून आपल्या जागी जाऊन बसतं.

या यंत्राचं कूळ शोधत मागे गेलं तर वाट आपल्याच शहराच्या ओळखीच्या वस्तूपाशी येते. हिमरूच्या मागावर पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं पाहिली असतील: भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर नाही. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जॅकार्डनं रूढ केलेली ही युक्ती. नक्षी त्या कार्डांत साठवलेली असते, विणकराच्या डोक्यात नव्हे. भोकांचीच कार्डं हर्मन होलेरिथनं १८९० च्या अमेरिकी जनगणनेत माणसं मोजायला वापरली आणि त्याची कंपनी पुढे आयबीएममध्ये सामावली. कार्डं रचण्यात आणि शोधण्यात वेळ जातो म्हणून त्याच आयबीएमनं १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, टनभर वजन आणि साठवण ५० लाख अक्षरांची, म्हणजे ८० रकान्यांच्या ६२,५०० कार्डांइतकी. आज फोनवर काढलेला एखादा मोठा फोटोही तीत मावला नसता.

आता आत गेलेली वस्तू, म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नाही. जपानमध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात जी फ्लॅश मेमरी घडवली, तिचंच हे रूप. प्रत्येक कप्प्याला चारही बाजूंनी विद्युतरोधक थर असतो. वीज जाऊच नये असा. तरीही विजेचा दाब वाढवला की इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून पलीकडे जातात. भिंत फुटत नाही, भोकही पडत नाही. क्वांटम भौतिकीत याला परवानगी आहे, आणि तुमचं लग्नाचं अल्बम त्या परवानगीवर टिकून आहे. दाब काढला की इलेक्ट्रॉन आत अडकतात. किती अडकले, याच्या आठ पायऱ्या मोजून एका कप्प्यात तीन बिट ठेवतात. या हिशेबानं एक टेराबाइटच्या एसएसडीत अडीच लाख कोटींहून जास्त कप्पे होतात, नव्या चिपांत तर दोनशेहून अधिक मजले रचून.

लोक जागेसाठी जातात आणि वेगाच्या प्रेमात पडून येतात, त्याचं कारणही इथेच आहे. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली इथून तिथून मागते. जुन्या डिस्कला प्रत्येक वेळी टोक हलवून तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागते, म्हणून सेकंदाला शंभरेक मागण्यांतच तिचा दम जातो. एसएसडी सेकंदाला हजारोंनी पुरवते. माझ्या मते जुन्या लॅपटॉपवर खर्च करण्यासारखी ही पहिली गोष्ट, बाकी सगळं नंतर.

घेण्याआधी मात्र जागा कोणती ते बघा. अडीच इंची साटा, की च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२? एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई हे दोन प्रकार दिसायला जुळे असतात, पण एकाच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डालाच डाखलेली असते. तिथे इलाज नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. आणि एक टेराबाइटच्या जागी विंडोजनं ९३१ जीबी दाखवले म्हणून दुकानदाराशी भांडू नका: कंपनी हजारानं मोजते, विंडोज १,०२४ नं.

एक खोट सांगायलाच हवी. अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात, उष्णतेत जास्त. आयुष्य पुरतं वापरून झालेली एसएसडी वीज न देता ३० अंशांत ठेवली तर वर्षभर माहिती टिकावी, एवढीच घरगुती एसएसडीच्या मानकाची अपेक्षा आहे. आपल्याकडचा मे महिना ४० अंशांपलीकडचा. नव्या एसएसडीत माहिती याहून बरीच टिकते, पण कपाटात ठेवून विसरायची ही वस्तू नव्हे. म्हणून जुनी डिस्क धडधाकट असेल तर दुकानात सोडून येऊ नका. थोडक्या पैशांत यूएसबी केसिंग मिळतं, त्यात ती घाला आणि फोटोंची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा. शिवाय डिलीट केलेल्या फायली तिच्यातून परत काढता येतात, हे तुमच्याआधी दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायला नको.