वर सरकणारे वृषण

मुलाला ऊन पाण्याने न्हाऊ घालताना अंडकोशात जागच्या जागी दिसणाऱ्या दोन वृषणांपैकी एक, थंडीच्या सकाळी कपडे बदलताना तेथे नाही असे आईच्या ध्यानी आले, म्हणजे तिच्या मनात जी धास्ती उभी राहते ती बहुधा मनातच राहते; कारण शरीराच्या या भागाविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. या अबोलपणापायी कोणा मुलावर अनावश्यक शस्त्रक्रिया होते, तर कोणाची आवश्यक शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे राहून जाते. आणि या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या असल्यामुळेच हा विषय उघडपणे मांडणे मला अगत्याचे वाटते.

गर्भावस्थेत वृषणांची घडण उदरात, मूत्रपिंडांच्या नजीक होते, आणि प्रसूतीपूर्वीच्या अखेरच्या महिन्यांत ते जांघेतील मार्गाने अंडकोशात उतरतात. या प्रवासात त्यांना वाट दाखवणाऱ्या बंधाचे वर्णन जॉन हंटर या शल्यविशारदाने १७६२ साली करून ठेवले आहे. शुक्रजंतूंच्या निर्मितीस देहाच्या आतील उष्णतेपेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअसने कमी उष्णता मानवते, आणि ती अंडकोशातच लाभते. थंडी, भीती किंवा मांडीच्या आतील बाजूस झालेला स्पर्श एवढ्यानेही वृषण वर खेचणारा एक स्नायू तेथे असतो. त्याची ही प्रतिक्षिप्त क्रिया तान्ह्या वयात मंद, साधारण दोन ते आठ वर्षांच्या दरम्यान अतिशय तीव्र आणि यौवनारंभी वृषण मोठे झाल्यावर पुन्हा सौम्य होते. तेव्हा मधल्या काळात एखाद्या मुलाचे वृषण वारंवार जांघेत जाऊन बसले, तरी तेवढ्यावरून त्यास व्याधी म्हणता येत नाही.

जे वृषण मुळातच खाली उतरलेले नाही, त्याची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी आहे. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांत, आणि अकाली जन्मलेल्यांत याहून कितीतरी अधिक प्रमाणात, हा दोष आढळतो. पुष्कळांत तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांत होत नाही, त्यांची शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत व्हावी असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. दिरंगाई झाल्यास शुक्रजंतूंच्या मूळ पेशी क्षीण होत जातात, दोन्ही बाजूंस दोष असल्यास पुढे अपत्यप्राप्तीस बाध येण्याचा संभव फार वाढतो, आणि वृषणाच्या कर्करोगाचा धोकाही इतरांहून अधिक राहतो.

या दोहोंतील भेद ठरवण्यास अनुभवी हातासारखे दुसरे साधन नाही. उबदार खोलीत, मुलाला मांडी घालून निवांत बसवून, डॉक्टर ऊबदार हातांनी वृषण हळुवारपणे खाली आणतात. हात काढल्यावरही ते काही काळ तेथेच राहिले तर ते केवळ सरकणारे, आणि तत्काळ वर निसटले तर न उतरलेले. सोनोग्राफीने हा निवाडा खात्रीने होत नाही, आणि सरकणाऱ्या वृषणाला औषधाची किंवा शस्त्रक्रियेची गरज नसते. अशी बहुतेक मुले यौवनात पोचतात तोवर वृषण आपल्या जागी स्थिरावतात आणि त्यांच्या प्रजननक्षमतेस उणेपणा येत नाही.

परंतु येथेच गाफील राहून चालत नाही. मुलाची उंची वाढत असता काहींचे सरकणारे वृषण हळूहळू वरच अडकून पडते आणि मग खाली आणता येत नाही. अर्भकावस्थेत निर्दोष म्हणून नोंद झालेल्या मुलावरही अशा वेळी सातव्या-आठव्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागते. सबब यौवनारंभापर्यंत दरवर्षी एकदा तपासणी करून घ्यावी, आणि पहिल्या तपासणीचा निर्वाळा कायमचा समजू नये.

मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की वडिलांनी त्याला एकांतात, न घाबरवता, दोन्ही वृषण जागेवर आहेत की नाहीत हे पाहण्यास शिकवावे, आणि तेथे अकस्मात तीव्र वेदना उठल्यास रात्र असो की शाळा, लाज न धरता तत्क्षणी सांगण्याची ताकीद द्यावी. कारण वृषणाला पीळ पडला असेल, तर ते वाचवण्यास साधारण सहा तासांचीच मुदत हाती असते.